एकशे सतरावा भाग

ज्ञानेशने कॅसेटच्या चाकात पेन्सिल घातली आणि सैल पडलेली फीत हळूहळू गुंडाळून घेतली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत अकरा माणसं टेबलाभोवती उभी होती. खुर्च्या असूनही कोणी बसत नव्हतं.

"सर, मी करू का?" रोशनीने विचारलं. ती त्यांच्यातली सगळ्यात लहान, अजून कॉलेजात शिकणारी.

"नको. तुमच्या पिढीला पेन्सिल फक्त लिहायला ठाऊक," ज्ञानेश म्हणाला.

सगळे हसले.  

कॅसेट मुळात भजनाची. कळवणच्या एका शिक्षकांनी पस्तीस वर्षांपूर्वी तिच्यावर रेडिओवरून 'शततारका'चा एक भाग उतरवून घेतला होता. ते वारले, घर आवरायला काढलं, आणि या अकरांतल्या अमितला माळ्यावरच्या पेटीत ती सापडली. वर निळ्या शाईने लिहिलं होतं : ११७.

'शततारका' हे एका अंतराळयानाचं नाव आणि त्याच्या गोष्टीचंही. आठ वर्षं ती दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला रेडिओवर लागायची. पुढे तिच्या कादंबऱ्या निघाल्या, आता मोबाइलवर नवे भाग येतात. रेडिओचे भाग चारशेच्या वर. चाहत्यांनी जिथून तिथून ते गोळा केले, पण एकशे सतरावा काही मिळाला नव्हता, आणि नेमका तोच हवा होता. एकशे सोळाव्याच्या शेवटी तारा नावाची यंत्रज्ञ यानाबाहेर अडकते. एकशे अठराव्यात तिचं कोणी नावही काढत नाही. मध्ये काय झालं, तारा जगली की मेली, यावरून शहाणीसुरती माणसं इतकी वर्षं एकमेकांशी अबोला धरत आली होती.

या सगळ्या वादात हयात साक्षीदार एकच. ज्ञानेशने स्वतः बनवलेल्या भागांच्या यादीत तशी नोंद होती : 'भाग ११७. ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. ऐकणारे : गोटीराम भोये आणि छाया भोये.' म्हणजे त्याचे वडील आणि त्याची आई.

ज्ञानेश तेव्हा नऊ वर्षांचा होता. एकलहऱ्याच्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर, वडील वीज केंद्रात बॉयलरवर. आई आणि तो दर गुरुवारी रेडिओला कान लावून बसायचे. एकशे सोळावा भाग दोघांनी मिळून ऐकला. रविवारी आईला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा त्याने हट्टाने रेडिओ तिच्या पिशवीत घातला. गुरुवारी रात्री आठला वडील घरी आले, पायातल्या चपला न काढता उंबऱ्यावर बसले आणि त्याला तो भाग सांगितला. आईने ऐकला, ती मध्ये एकदा हसली, असंही सांगितलं. मग शेजारच्या वत्सलाबाईंना त्याच्याजवळ झोपायला सांगून ते परत गेले. सकाळी आले ते आई पहाटे गेल्याचं सांगायला.

आईचं शेवटचं हसू त्या भागात होतं. ज्ञानेश यादी करायचा, वाद घालायचा, रविवारच्या बैठका भरवायचा, ते सगळं त्या एका हसण्यासाठी होतं. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

वडिलांनी सांगितलेला भाग असा : यान मागे वळवायचं तर भट्टी थंड पडलेली. कप्तान बाह्या सरसावतो, सगळ्यांच्या हातात फावडी देतो आणि म्हणतो, आधी राख काढा, राख काढल्याशिवाय भट्टी पेटत नाही. पाळीवरची सगळी माणसं राबतात, यान वळतं, आणि तारा दोर घट्ट धरून बसलेली सापडते.

आता 'शततारका' चालायचं सूर्यप्रकाशावर. त्यात राख कुठून आली? यावरून चाहत्यांत दोन तट पडले होते. राखवाल्यांचं म्हणणं, यानाच्या पोटात एक जुनी भट्टी असणारच. एकाने तिचा नकाशाही काढला होता, एकाने चाळीस पानी लेख लिहिला होता. ज्ञानेश राखवाल्यांचा म्होरक्या. लहानपणी रोज संध्याकाळी बापाच्या खिशातून राख झटकणाऱ्या या माणसाला यानातली राख कुठून आली ते सुचू नये! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

अमितने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. रोशनीने मोबाइल जवळ धरून रेकॉर्डिंग सुरू केलं. आधी खरखर, मग ओळखीचं संगीत, आणि कप्तानाचा आवाज.

त्या भागात फारसं काही घडतच नव्हतं. कप्तान दाराशी उभा राहून तासभर ताराला हाका मारतो. उत्तर येत नाही. तो दार लावून घेतो, नोंदवहीत लिहितो, 'तारा, मृत', आणि यान पुढे निघतं. भट्टी नाही, फावडी नाहीत. हसण्यासारखं तर काहीच नाही.

"म्हणजे मेलीच," मागून कोणीतरी म्हणालं. "संपला विषय."

"हा तो भाग नाही," ज्ञानेश म्हणाला.

अमितने फीत मागे नेली. निवेदिकेचा स्वच्छ आवाज आला : "शततारका. भाग एकशे सतरावा."

"पुन्हा लाव."

अमितने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लाव म्हणायचा ज्ञानेशला धीर झाला नाही.

"सर, काका बॉयलरवर होते ना?" रोशनी हलकेच म्हणाली. "इतक्या वर्षांत आठवणीत मिसळलं असेल. आपण तो पाठभेद म्हणून यादीत ठेवू. अधिकृत भाग हा, पण तेही राहू दे."

"बघू," तो म्हणाला आणि पेन्सिल खिशात ठेवून बाहेर पडला.

स्कूटर सामनगाव रोडला लागली तरी त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. इतक्या वर्षांत मिसळतं, खरं आहे. पण बाबांनी ते वर्षांनी सांगितलं नव्हतं. भाग साडेसहाला लागला, त्यांनी आठला सांगितला. दीड तासात कोणी अख्खा भाग विसरत नाही. म्हणजे त्यांनी तो ऐकलाच नव्हता. रेडिओ लागलाच नव्हता. आणि आई शुद्धीवर असती, तर रेडिओ लावल्याशिवाय तिने त्यांना बसूच दिलं नसतं.

त्याने रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवली. त्याला राग आला होता. बापाचा की त्या कळवणच्या शिक्षकाचा, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

घरी आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बायको माहेरी गेली होती. गोटीराम स्वयंपाकघरात कुकरसमोर स्टूल टाकून बसले होते. निवृत्तीला चौदा वर्षं झाली, तरी वाफेवरची वस्तू एकटी सोडून ते हलत नसत.

"लावली का कॅसेट?" त्यांनी कुकरवरची नजर न काढता विचारलं.

"लावली."

"मंग? जुळलं का?"

ज्ञानेशने माठातून पाणी घेतलं. रस्ताभर त्याने जे विचारायचं ठरवलं होतं, ते त्या वाकलेल्या पाठीकडे पाहून त्याने विचारलं नाही.

"जुळलं," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं तस्संच होतं सगळं."

कुकरची शिट्टी झाली. गोटीरामांनी गॅस बंद केला, आणि मग पहिल्यांदा मुलाकडे पाहिलं.

"कसं जुळंल रे," ते म्हणाले. "मी कुठं ऐकला व्हता?"

ज्ञानेश भिंतीला टेकून खाली फरशीवर बसला.

"सांजच्या पाचलाच गेली ती," गोटीराम म्हणाले. "रेडिओ उशाशी व्हता. साडेसहा वाजले, मला ठावं व्हतं तुमचं ते लागायची वेळ झाली म्हणून. हात नाय गेला माझा. घरी आलो तं तू दारात वाट बघत बसलेला. म्हणला, बाबा, तारा घावली का? आता काय सांगू तुला? मला तुमच्या त्या यानातलं काय बी ठावं नव्हतं. मपल्या कामाचं जे येत व्हतं ते सांगितलं."

"आणि आई हसली म्हणालात ते?"

"ते बी मीच." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "एक रात नीट झोपावं तू, एवढंच डोक्यात व्हतं. पुढं तू ते लोकांना सांगाया लागला, त्याच्यावर माणसं लेख लिहू लागली. लय वेळा वाटलं सांगून टाकावं. पण तू सांगताना तुझं तोंड असं व्हायचं... नाय जमलं."

ज्ञानेशला रडू आलं. पंचेचाळिसाव्या वर्षी, भर दुपारी, स्वयंपाकघरात तो हमसून रडला. गोटीराम स्टुलावरून उठले नाहीत, त्यांनी फक्त पाय पुढे सरकवला आणि त्याच्या गुडघ्याला टेकवून ठेवला.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले. मोबाइल खिशात दोनदा वाजून गेला होता. रोशनीने रेकॉर्डिंग पाठवलं होतं, आणि खाली विचारलं होतं, यादीत काय लिहू.

"ऐकायचाय तुम्हाला?" त्याने विचारलं.

"लाव," गोटीराम म्हणाले. "एकदा तरी ऐकू दे."

ज्ञानेशने मोबाइल ओट्यावर ठेवला. संगीत झालं. कप्तान हाका मारू लागला. गोटीराम डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत होते, मशीनचा आवाज ऐकावा तसे. हाका थांबल्या आणि लोखंडी दार बंद झाल्याचा आवाज आला.

"दार लावलं का त्यानं?"

"हो."

"किती वेळ थांबला?"

"तासभर."

कप्तान नोंदवहीत लिहू लागला. ताराचं नाव उच्चारलं गेलं, आणि त्यापुढचा शब्दही. गोटीरामांनी डोळे उघडले आणि हात लांब करून मोबाइल पालथा घातला.

"एवढी काय घाई व्हती त्याला?" ते म्हणाले. "सकाळपर्यंत थांबायचं."