पुढच्या रांगेतला कोबी

तपासनीस बाईंनी वाकून कोबीचे बाहेरचे पान उलटले, खालची बाजू बोटाने चाचपली आणि शेजारच्या कोबीकडे वळल्या. फाटकालगतची ती पहिलीच रांग. एकाही पानाला भोक नव्हते.

“काका, कमाल आहे हो! औषध न मारता इतका देखणा कोबी?”

ग्रंथपालांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत लावला. नोकरी संपवून ते शेतीत उतरले, तरी आजूबाजूचे त्यांना ग्रंथपालच म्हणत. त्यात थोडी थट्टा असे.

“हे आमचं औषध!” पत्नीने हातातला पत्र्याचा डबा पुढे केला. “रोज सकाळी एकेक अळी वेचते यात. हे आपले मागून पुस्तक वाचत येतात. मान मोडून गेली माझी. पण बघा, आठवडाभर या रांगेत एक अळी दिसेना!”

डबा रिकामा होता. ग्रंथपाल स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले.

शेजारचा बागाईतदार मध्यंतरी कुंपणावरून हसला होता. “ग्रंथपाल, ही कोबीची शेती की चाळण्यांचं दुकान? तपासायला येणार म्हणे कुणी!” तेव्हा तेही हसले होते. पण बाहेरचा माणूस फाटकातून येताच ती भोके बघणार आणि याला काही जमत नाही असे मनाशी म्हणणार, हे काही केल्या डोक्यातून जाईना. पत्नी बहिणीकडे गेली त्या दुपारी त्यांनी त्याच शेजाऱ्याकडून फवारणीचा पंप मागून आणला. फक्त पहिल्या रांगेपुरता. अनुदान तर भोकांच्या कोबीलाही मिळाले असते. चारचौघांत बरे दिसावे, एवढ्यासाठीच.

“सेंद्रियच्या तपासणीचं शेवटचं वर्ष ना तुमचं?” बाईंनी विचारले.

“हो ना. यंदा सेंद्रियचा शिक्का मिळाला की अनुदान येईल, मग ठिबक बसवू,” पत्नी म्हणाली. “पाणी घालून घालून यांच्या कमरेचा काटा ढिला झालाय. आणि विष निघालं तर म्हणे पुन्हा पहिल्यापासून! आपल्याला कसली भीती म्हणा.”

बोलता बोलता तिने रांगेतला सर्वांत गरगरीत कोबी कापला. “हा घरी न्या. नाही म्हणायचं नाही.”

“खरं तर घेऊ नये,” बाई हसल्या. “पण माझी लेक कच्चाच कुरतडते हो, सशासारखी.” त्यांनी हात पुढे केला.

“तो नको.”

आयुष्यभर वाचनालयात हळू बोललेल्या माणसाचा तो आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. पत्नीच्या हातातला कोबी काढून त्यांनी काखेत घेतला, मागच्या रांगांत गेले आणि एक लहानसा, भोकाभोकांचा गड्डा कापून आणला.

“अहो, पाहुण्यांच्या हातावर कुणी किडका ठेवतं का? काय म्हणतील त्या!”

“हा चांगला आहे,” ते म्हणाले.

पानाच्या कडेवरून एक हिरवी अळी सावकाश चालली होती. बाईंनी अळीकडे पाहिले, मग पहिल्या रांगेकडे, मग ग्रंथपालांकडे. किडका कोबी त्यांनी जपून पिशवीत ठेवला आणि नमुन्याची पारदर्शक थैली उघडली.

“प्रयोगशाळेत एक कोबी पाठवायचाय. कुठल्या रांगेतला घेऊ, काका? तुम्ही सांगाल तो.”

“विचारायचं काय त्यात? पुढचाच घ्या की!” पत्नी म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिले नाही. थैली तशीच उघडी धरून त्या थांबल्या. मागच्या रांगांवर पांढरी फुलपाखरे उडत होती. पुढच्या रांगेवर एकही नव्हते.

ग्रंथपालांनी काखेतला देखणा कोबी थैलीत ठेवला.

“शेवटी माझंच ऐकलंत ना?” पत्नी खुशीत म्हणाली आणि डबा घेऊन मागच्या रांगेकडे निघाली.

बाई फाटकाबाहेर गेल्या. ग्रंथपाल फाटक लावून आले. मग पत्नीच्या मागोमाग गेले.

“डबा दे इकडे,” ते म्हणाले, “आणि जरा बस.”