एक्केचाळीस हजार मैलांचं कार्ड

मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे. हसू नका, मित्रांनो. आज माझा एक कोपरा कात्रीने उडवलेला आहे, अंगभर खळीचे डाग आहेत आणि पाठीवरची काळी पट्टी घासून घासून पांढरी पडली आहे. पण एके काळी माझा थाट बघण्यासारखा होता. गडद निळा रंग, त्यावर चंदेरी विमान, आणि खाली उठावदार अक्षरांत माझ्या मालकिणीचं नाव. ते नाव मी सांगणार नाही. मालकाचं नाव कुणापुढे फोडायचं नाही, ही शिस्त आम्हाला कारखान्यातच लागते.

प्लॅस्टिकचे पातळ थर एकावर एक रचून, तापवून, दाबून मोठा ताव करतात आणि त्यातून आम्हाला कापून काढतात. माझ्या तावावर सगळी विमानवाली भावंडं होती. शेजारच्या तावावर पेट्रोल पंपाचं चित्र होतं. आम्ही त्यांच्याकडे बघून नाक मुरडायचो. अंगावर विमान आहे म्हणजे आपण उडणारच, अशी माझी पक्की समजूत होती.

माझी मालकीण औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. एकदा दुकानाच्या दारात बँकेची एक बाई टेबल मांडून बसली होती. तिने विचारलं, "मॅडम, विमानाने कुठे जायला आवडेल तुम्हाला?"

मालकीण म्हणाली, "ताईला घेऊन."

बँकेच्या बाईने विचारलं होतं कुठे, आणि हिने सांगितलं कुणाबरोबर. माझा सगळा जन्म त्या एका उत्तरातून झाला आहे.

ही ताई मालकिणीपेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच धाकटीची वेणी घातली, डबे भरले, पाढे पाठ करून घेतले. दोघी गच्चीवर उताण्या पडून विमानं बघायच्या. ताई म्हणायची, "एकदा तरी खिडकीशी बसून खाली बघायचंय गं." पुढे ताई डोंगराकडच्या एका दूरच्या गावी शाळेत शिकवायला गेली आणि तिथलीच झाली. तिच्याकडे जायचं तर रेल्वे आणि बस मिळून दोन दिवस लागत. विमानाने दीड तास. पण विमानात दोघींपैकी कुणीच कधी बसलं नव्हतं.

म्हणून मालकिणीने मला घेतलं. शंभराची खरेदी केली की बँक खात्यात दोन मैल जमा करायची आणि मैल साठले की विमान कंपनी तिकीट द्यायची. मालकिणीने ठरवलं की छोटामोठा प्रवास नाहीच, ताईला थेट समुद्रापार न्यायचं. दोघींचे मिळून साठ हजार मैल लागणार होते. तिने मला पर्सच्या बाहेरच्या पारदर्शक कप्प्यात ठेवलं. तिथून मला सगळं जग दिसायचं.

तिचा नवरा बाइंडर होता. घराच्या पुढच्याच खोलीत त्याचं काम चाले. पुठ्ठ्यांच्या थप्प्या, खळीचं पातेलं, दोऱ्याची रिळं आणि पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा. त्याने मला उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "फुकट तिकीट देणारी बँक कुठे असते का गं?"

"थेंबे थेंबे तळे साचे, अहो."

"साचू दे. तळ्याला भोक नाही ना, तेवढं बघ," असं म्हणून तो कामाला लागला.

काय दिवस होते ते! भाजीपासून बुटांपर्यंत सगळीकडे मीच. मालकिणीला तर मैलांचा नादच लागला. दुकानातल्या मैत्रिणीने फ्रिज घेतला तेव्हा ही म्हणाली, "थांब, माझ्या कार्डावर घे आणि पैसे मला दे." शेजारच्या काकांचा चष्मा, वरच्या मजल्यावरच्या आजींचं श्रवणयंत्र, सगळं माझ्यावर. घरात एक मिक्सर चांगला चालत असताना दुसरा आला, कारण त्या आठवड्यात मैल दुप्पट होते. बाइंडर पुठ्ठ्याचे पैसे नेहमी रोख द्यायचा, तेही हिने माझ्यावर घेतले. दर महिन्याला जमा मैलांचा आकडा ती ताईला फोनवर वाचून दाखवायची. माझ्या अंगावर तर मूठभर मांस चढायचं, आणि माझ्यासारख्या अंगकाठीला मूठभर म्हणजे फारच झालं.

ताई मात्र दर वेळी म्हणायची, "ते राहू दे गं चिमे. तू कधी येतेस?"

"येते ना. पण आत्ता मैल मोडले तर वाया जातील. लहान प्रवासाला वापरणं परवडत नाही, ताई."

अशी साडेचार वर्षं गेली. मधल्या काळात विमान कंपनीने साठ हजारांचे नव्वद हजार केले. दुसऱ्या दिवशी तिने इस्त्री घेतली. घरात इस्त्री होती.

मग एका सुट्टीच्या दुपारी ताईचा फोन आला. मालकिणीने तो बाइंडरच्या टेबलाशी उभं राहूनच घेतला. ताईच्या डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यावर इलाज नाही, वर्षअखेरपर्यंत माणसं सावल्यांसारखी दिसतील, नंतर तेही सांगता येत नाही. ताई हे अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगत होती. शेवटी हसून म्हणाली, "तुझे चणे जमेपर्यंत माझे दात पडले बघ."

मालकिणीने फोन टेबलावर ठेवला.

त्याच वेळी नेमकं बँकेचं पत्रही आलेलं होतं. पुढच्या महिन्यात माझी मुदत संपत होती. नवं कार्ड हवं असेल तर वर्षाची फी भरा, नाहीतर कार्ड बंद करा आणि त्याआधी मैल वापरून टाका. म्हणजे वर्षभर आणखी जमवत राहायचं की आहे ते आजच मोडायचं, हे ठरवणं आलं. मालकिणीची मुलगी एका ऑफिसात अकाउंट सांभाळायची. तिने पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला आणि मला टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"आई, रागावू नकोस हं," ती म्हणाली आणि लिहीत गेली. चार वर्षांची फी. दुसरा मिक्सर. इस्त्री. पुठ्ठेवाला कार्डाने पैसे घेताना दोन टक्के जास्त लावायचा, ते. एकदा बिल भरायला तीन दिवस उशीर झाला, त्याचं व्याज आणि दंड. जमलेले मैल एक्केचाळीस हजार. तिने खाली रेघ मारली.

"एवढ्या पैशांत तू आणि ताईमावशी एकमेकींकडे तीनदा विमानाने जाऊन-येऊन आला असतात."

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," बाइंडर म्हणाला. पण बोलल्याबरोबर त्याने जीभ चावली, कारण मालकिणीचं तोंड एवढंसं झालं होतं.

माझं तर विचारूच नका. पाच वर्षं मी स्वतःला या घराचा मिरवणारा जावई समजत होतो, आणि निघालो फुकट जेवणारा पाहुणा! निळा रंग, चंदेरी विमान, कशाचीच मला शोभा वाटेना.

"त्याला बोलू नका," मालकीण मला पदराने पुसत म्हणाली. "त्याचा काय दोष? जमवण्यात मीच गुंतले. ताई बोलावत होती आणि मी तिला आकडे वाचून दाखवत होते." आणि ती रडली.

मग बाइंडरने पुठ्ठ्याचा तुकडा स्वतःकडे ओढला.

"एका बाजूच्या जागेला किती मैल?"

"लहान प्रवासाला दहा हजार," मुलगी म्हणाली. "पण बाबा, तिथे वापरले तर मैलाला निम्मीसुद्धा किंमत मिळत नाही."

"न मिळू दे. तुझी आई जाणार, दोघी येणार, ताई परत जाणार. झाल्या चार जागा. वर हजार उरतात." त्याने पेन्सिल कानावर खोचली. "ताईंना खिडकीशी बसव."

आणि अशा रीतीने मी एकदाचा उडालो. जाताना मालकीण एकटी होती आणि तिने सबंध दीड तास डोळे मिटून घेतले, त्यामुळे मलाही काही दिसलं नाही. पण येताना ताई खिडकीशी होती. मालकिणीने पर्स मांडीवर घेतली होती. ताईने पट्टा तीनदा चाचपला. विमान वर चढलं. ताईने काचेला नाक लावलं आणि बराच वेळ ती हललीच नाही. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं,

"चिमे, हे ढग आहेत, का माझे डोळे?"

मालकिणीने वाकून बघितलं. बाहेर पांढऱ्याशिवाय काहीच नव्हतं.

"ढगच आहेत, ताई. मलाही तेवढंच दिसतंय."

ताईने तिचा हात धरला. थोड्या वेळाने ढग विरले आणि खाली काहीतरी वाकडंतिकडं चकाकलं. "नदी का गं?" ताईने विचारलं. नदीच होती. मग ताईने रस्ता ओळखला, पूल ओळखला, घरांची छपरं ओळखली, आणि प्रत्येक वेळी लहान मुलीसारखी धाकटीकडे वळून खात्री करून घेतली. शेवटी तिने खाली बघणं सोडलं आणि बहिणीच्या तोंडाकडेच बघत बसली. "तुझे केस पिकले की गं," ती म्हणाली. मी खरंच सांगतो, मित्रांनो, त्या दीड तासात मला माझ्या असण्याची लाज वाटली नाही.

ताई महिनाभर राहिली. तिच्यासमोरच मालकिणीने मला बंद करायला बँकेत फोन लावला. पलीकडचा माणूस मोठा गोड बोलत होता. फी निम्मी करतो म्हणाला, वर पाच हजार मैल देतो म्हणाला. मालकीण घुटमळली. माझ्याही आशेला पालवी फुटली.

पलंगावरून ताई म्हणाली, "नाही म्हण त्यांना. परत जमवत बसशील."

मालकीण नाही म्हणाली. मग कात्री आली. मुलीने माझा एक कोपरा उडवला, पाठीवरची पट्टी खरवडली, नंबर घासून काढला आणि मला कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. तिथून बाइंडरने मला उचललं, माझी कड अंगठ्याने तपासली आणि म्हणाला, "धार बरी आहे की याची."

तेव्हापासून मी कामाला लागलो. घडी पक्की करायची, कागद दाबायचा, खळ निपटायची. पाच वर्षं पर्समध्ये मिरवलो, पण रोजचं काम मला इथेच मिळालं. ताई जायच्या आधी बाइंडरने जाड कागदाची एक वही केली. पट्टी धरून माझ्या कडेने त्याने प्रत्येक पानावर ओळी दाबल्या. शाई नाही, नुसत्या खाचा. ताईने डाव्या हाताचं बोट खाचेत ठेवलं, उजव्या हाताने पेन चालवलं आणि ओळ न चुकता स्वतःचं नाव लिहिलं. बाइंडर उगाचच खळ ढवळू लागला.

मित्रांनो, माझ्यासारखं कार्ड परवडतं का, असं तुम्हाला कुणी विचारलं तर चित्राला भुलू नका. फी किती, वस्तू खरंच हवी आहे का, बिल वेळेवर भरणार आहात का, हे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून काढा. कुणाला परवडतं, कुणाला नाही. आम्हाला नाही परवडलं. आणि एखाद्या माणसासाठी काही जमवत असाल, तर मधूनमधून त्या माणसालाही विचारत जा, की बाबा, तुला थांबायला वेळ आहे ना?

आता ताईला सावल्याच दिसतात. पण महिन्याला तिचं पत्र येतं. अक्षरं लहानमोठी असतात, ओळ मात्र सरळ. परवाच्या पत्रात तिने लिहिलं आहे, "वहीची चार पानं उरली. नवी वही पोस्टाने पाठवू नकोस. तू घेऊन ये."

तिकीट कालच काढलं आहे, रोख पैसे देऊन. नव्या वहीची अकरा पानं अजून दाबायची आहेत आणि बाइंडर मला टेबलावर शोधतो आहे. निघतो, मित्रांनो.