चार वाजताचे आकडे

अम्मानच्या डॉ. रिहानींनी बाबांच्या हृदयाची बंद पडलेली नळी उघडून दिली, तेव्हाच दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. तरतरी आणणारा क़ातचा पाला चघळणं कायमचं बंद, आणि घरात बीपीचं मशीन हवंच. मशीन आम्ही येताना घेऊनच आलो. क़ात बाबांनी बरोबर एकवीस दिवस सोडला. बाविसाव्या दिवशी दरहमकाका कोवळ्या पाल्याची जुडी काखेत मारून आले आणि माझा बाप आपल्या धाकट्या भावाच्या मागोमाग चार जिने चढून वरच्या बैठकीत गेला.

"नजीबा, डॉक्टरला सांगू नकोस हं," बाबा म्हणाले. "थोडासाच. नुसता गाल ओला करण्यापुरता."

मी काय बोलणार? आमच्या इब्ब गावात दुपारनंतर ज्याच्या गालात पाला नाही, तो माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर सगळ्यांशी भांडलेला. ते एकवीस दिवस बाबा खालच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते. आई गेली तेव्हाही ते इतके गप्प नव्हते. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी हो म्हणाले.

तोवर खोक्यातच राहिलेल्या मशीनबरोबर एक कागद आला होता. त्यावर खुर्चीत बसलेला एक माणूस. पाठ टेकलेली, दंडाला पट्टा, हात हृदयाच्या उंचीवर आधाराला ठेवलेला. आधी पाच मिनिटं शांत बसा, मापताना बोलू नका. डॉक्टरांनी फोनवर भर घातली होती, "सकाळी गोळीच्या आधी एकदा आणि संध्याकाळी एकदा. आरामात बसलेले असतानाच माप."

"सकाळी मला कसला आराम?" बाबा म्हणाले. "टाकीत पाणी चढलं का ते बघायचं, गच्चीवरच्या सौर पाट्या पुसायच्या. आणि खुर्चीत बसलं की मला न्हाव्यापुढे बसल्यासारखं वाटतं. मी आरामात बसतो तो चार वाजता."

आणि खरंच, चार वाजता ते असे बसायचे, की कागदावरच्या माणसाने शिकावं. पाठीला लोड, डाव्या कोपराखाली तक्क्या, तोही नेमका हृदयाच्या उंचीचा. खिडकीतून डोंगर दिसतोय. मी पट्टा बांधायची, काका हुक्क्याची नळी बाजूला ठेवून गंभीर चेहरा करायचे.

"बघ, तंतोतंत चित्रासारखा," बाबा म्हणायचे.

"त्या चित्रातल्या बिचाऱ्याचा गाल रिकामा आहे," काका म्हणायचे. "म्हणून तोंड तसं झालंय त्याचं."

आम्ही हसायचो. मग पट्टा फुगायचा, आणि तिघंही शहाण्यासारखे गप्प.

एकशे अडुसष्ट, एकशे दोन. नाडी एकशे चार.

मी शाळेत मुलींना गणित शिकवते. वही कशी ठेवावी हे मला कुणी सांगायला नको. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी, आणि शेवटी एक रकाना, 'स्थिती'. त्यात मी रोज सुवाच्य अक्षरात लिहायची, आराम. दर गुरुवारी पानाचा फोटो अम्मानला जायचा.

"मापण्याआधी चहा? कॉफी? सिगारेट?" पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. काकांचा हुक्का बाबा ओढत नसत.

"आणि नाडी एवढी का?"

"चार जिने चढून वर जातात ना," मी म्हणाले. हेही खरंच होतं. पण जिना चढून त्यांना दोन तास झालेले असायचे, हे मी सांगितलं नाही.

"आणि सकाळचे आकडे?"

"सकाळी ते ऐकत नाहीत, डॉक्टर."

डॉक्टरांनी उसासा टाकला आणि दुसरी गोळी वाढवली. पुढच्या महिन्यात तिसरी. "हा रिहानी तुला अख्खं औषधाचं दुकान खायला घालणार," काका बाबांना चिडवायचे. तिन्ही गोळ्या सकाळी द्यायच्या होत्या, त्या मीच द्यायची.

मग सकाळी बाबांना गरगरायला लागलं. नमाजाआधी वजू करून, हातपाय धुऊन उठताना ते भिंत धरायचे. मला वाटायचं, बीपी वाढलंय, त्यानेच होतंय. वहीत तर रोज एकशे साठाच्या वरच दिसत होतं! म्हणून मी आणखी घाई करायची. भिंत धरून उभ्या असलेल्या माणसाच्या तळहातावर मी तीन गोळ्या ठेवायची आणि म्हणायची, "घ्या बाबा, लवकर घ्या, बरं वाटेल."

त्या बुधवारी गोळ्या घेऊन तासाभराने ते पाट्या पुसायला निघाले. तिसऱ्या जिन्यावर आवाज झाला. मी धावले तर बाबा वळणावर आडवे, चेहरा पिठासारखा पांढरा, उजवा पाय भलत्याच बाजूला वळलेला. मी मशीन आणून तिथेच पट्टा बांधला.

शहाऐंशी, बावन्न.

मशीन बिघडलं असं वाटून मी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. एकशे अठरा, शहात्तर. पुन्हा बाबांना बांधला. चौऱ्याऐंशी, पन्नास.

मशीन ठणठणीत होतं. मी तिथेच पायरीवर बसले. ज्याला मी आराम म्हणत होते तो रोज पाल्याने चढवलेला आकडा होता. डॉक्टर चार वाजताच्या बीपीवर औषध वाढवत होते, आणि ते औषध सकाळच्या माणसाच्या पोटात जात होतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळातले हाडांचे डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळी भूल देऊन शस्त्रक्रिया करू. पण हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, सकाळी कुठल्या गोळ्या द्यायच्या, कुठल्या नाही. बीपीचं चुकलं तर माणूस टेबलावरून उठायचा नाही."

मी अम्मानला फोन लावला, आवाज मोठा करून. बाबा खाटेवर होते, काका पायाशी.

"शहाऐंशी?" डॉ. रिहानी म्हणाले. "वहीत तर एकशे सत्तर आहे. नजीबा, हे जुळत नाही. चार वाजता ते नेमकं काय करत असतात?"

मी काकांकडे बघितलं. काका खिडकीबाहेर बघायला लागले.

बाबांनी हात पुढे करून फोन घेतला. "डॉक्टर, मी मुक़बिल बोलतोय. मी पाला खातो. रोज, दोन वाजल्यापासून. पोरीला यातलं काही माहीत नाही. ती खालच्या मजल्यावर असते. मी तिच्यापासून लपवलं."

बोलून त्यांना धाप लागली. मोडलेलं हाड घेऊन पडलेला माझा बाप मला वाचवायला खोटं बोलत होता, आणि क्षणभर, देव मला क्षमा करो, मला हायसं वाटलं.

मी फोन काढून घेतला. "मला माहीत होतं. पट्टा मीच बांधायची. त्यांच्या गालात पाला असताना. आराम मी लिहिलंय."

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"वहीतले सगळे. एकोणनव्वद."

"उद्या सकाळी तिन्हीतली एकही गोळी नाही," ते म्हणाले. "आतापासून दर दोन तासांनी माप आणि कळव. भूल देणाऱ्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलतो. आणि वही दुरुस्त करून पाठव. त्यांनाही खरं काय ते कळायला हवं." त्यांनी फोन ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी खाटेच्या कडेला बसले आणि पहिलं पान उघडलं. 'आराम' वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, क़ात खाल्लेला. दुसरी ओळ. तिसरी ओळ. काका कधी उठून गेले कळलं नाही. बाबा उशीवर मान वळवून माझ्या पेनाकडे बघत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"बावन्न झाले."

"मग थांब ना जरा, पोरी. हात दुखेल तुझा."

मला पुढची ओळ दिसेना. मी बाहीने डोळे पुसले आणि त्रेपन्नाव्या ओळीवर रेघ मारली.