देवाच्या दिव्याची वायर

लेथवर लाकूड फिरत असताना लाइट गेली की काय होतं, हे ज्याच्या हातात पटाशी असते त्यालाच कळतं. चौरंगाचा पाय गोल होत आलेला असतो, फक्त गळ्याची बारीक रेघ राहिलेली असते, आणि एकदम सगळं मंदावत थांबतं. पटाशी अडकते, पायाला खाच पडते, आणि तो पाय जळणात टाकायच्या लायकीचा उरतो. श्रावण लागल्यापासून माझं हेच चाललं होतं. बोर्डावरचं ईएलसीबीचं, म्हणजे करंट कुठे गळला की घरची लाइट तोडणारं, रुंद बटण खटकन खाली पडायचं. मी जाऊन ते वर करायचो, पुन्हा लेथ सुरू करायचो, आणि ते पुन्हा पडायचं.

लाइट वीज कंपनीने घालवली तर शिव्या घालायला बरं पडतं. घरातलंच बटण पडतं तेव्हा शिव्या कोणाला घालायच्या?

मी लेथवर टर्नर होतो तो भांड्यांचा कारखाना बंद झाला तेव्हा माझ्याकडे फक्त माझे हात उरले. मग पेणकरपाड्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी जुनी मोटर लावून लाकडाचा लेथ उभा केला. लाटणी, पोळपाट, चौरंगाचे पाय. मीरा रोडचा एक पूजा-साहित्यवाला गणपतीसाठी चौरंग मागतो. ते वेळेवर गेले नाहीत तर तो दुसऱ्याकडे जाईल, आणि मी दिवसभर बायकोच्या पायात येत घरात बसेन. तिला ते चालणार नाही, आणि मला तर त्याहून नाही.

बिघाड शोधायची माझी रीत साधी आहे. एकेक वस्तू बाजूला काढायची. ग्राइंडर काढला, बटण पडलं. पंखा काढला, पडलं. ट्यूबलाइट काढून टॉर्चवर काम केलं, तरी पडलं. मोटर खांद्यावर घेऊन भाईंदरला रिवाइंडिंगवाल्याकडे नेली. तो म्हणाला, "अंकल, मोटर अच्छी है. पुरानी है, थोडा लीकेज तो रहेगा. लेकिन उतने से ट्रिप नहीं होना चाहिए." वायरमन आणला. त्याने बटणच नवं बसवलं. नवं बटण त्याच संध्याकाळी पडलं. मी खाली बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही. वय झालं की राग येण्याआधी थकवा येतो, आणि मग राग येतो तो थकव्यावर.

"अहो," अंबिका दारातून म्हणाली, "एक सांगू का? पलीकडे घंटी वाजली का तुमचा बटण पडतो. सकाली पन, दिवेलागणीला पन. मी बगितलाय."

पलीकडे म्हणजे माझ्या धाकट्या भावाकडे, रघूकडे. घर एकच होतं, आता मधे भिंत आहे. वाटणी शांतपणे झाली. भांडण झालं ते नंतर, भिंत वीतभर कोणाच्या बाजूला गेली यावरून. वीतभर भिंतीसाठी दोन सख्खे भाऊ बोलायचे थांबले. मी त्याच्या उंबऱ्यात गेलो नाही, तो माझ्या आला नाही. देवघर त्याच्या बाजूला गेलं, त्यामुळे देवाला हातही मी बाहेरच्या बाहेर जोडतो.

अंबिकाचं बोलणं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. घंटी वाजवायची आणि माझं काम बंद पाडायचं? रघूची बायको पुष्पलता, तिला माझ्या लेथचा आवाज नको असणार. मुद्दाम काहीतरी जोडून ठेवलं असणार. मी बोर्डाचं झाकण उघडलं आणि एकेक वायर हाताने चाचपत गेलो. एक वायर बाकीच्यांपासून वेगळी निघून वर भिंतीवरून पलीकडे जात होती. ती कसली, हे मला लगेच आठवलं.

आमच्यात देवाच्या दिव्याचं तेल थोरल्याने घालायचं असतं. घर वाटा, शेत वाटा, तेल थोरल्याचंच. पूर्वी मी बाटली नेऊन ठेवायचो. मग समईबरोबर बल्ब आला, तेव्हा वाटणीच्या वेळी मी हट्ट धरला की बल्बला लाइट माझ्या मीटरवरून जाईल. माझ्या बोर्डातून मी वायर काढली, पलीकडे रघूने ती बल्बला लावून परतीचं टोक आपल्या बोर्डात जोडलं. मी माझं टोक पाहिलं, त्याने त्याचं. सबंध वायर दोघांपैकी कोणीच पाहिली नाही.

वायर एकच होती. करंट माझ्याकडून जात होता आणि परत रघूच्या न्यूट्रलमधून जात होता. हे बटण तर तेवढंच बघतं, गेला तितका परत आला की नाही. मोटरची थोडी गळती ते सोसायचं. त्यात देवाचा बल्ब पेटला की सोसत नव्हतं. मग आधी का पडत नव्हतं? तर आधी तिथे अगदी नाइट-लॅम्पएवढा बल्ब होता. तो आता मोठा केला असणार.

उपाय हातात होता. पक्कड लावायची, वायर तोडायची. दिवा त्यांच्या लाइनवर, लेथ माझ्या. पण ती तुटली की त्या घरात माझं काहीच राहत नव्हतं. भिंतीचं झालं तसं याचंही होऊ दे, असं मनाशी म्हटलं खरं, पण न सांगता तोडायला हात होईना. कंटाळलो होतो, वाद घालायचीही ताकद नव्हती. पक्कड खिशात टाकली आणि दिवेलागणीच्या आधी रघूच्या दारात जाऊन उभा राहिलो.

रघूने मला पाहिलं आणि तो नुसताच उठून उभा राहिला. पुष्पलताने डोक्यावर पदर घेतला.

"या ना, दादा. उभे का?" ती म्हणाली.

"वायरीचं काम हाय," मी म्हणालो. "देवाच्या दिव्याच्या."

देवघरात बल्ब खरंच मोठा होता. "ह्यांनी बदलला," ती म्हणाली, "आधीच्यात देव दिसत न्हवते." मग जरा थांबून, जमिनीकडे बघत म्हणाली, "दादा, तुमचा एक मला लय बरा वाटतो. मी दिवा लावला, घंटी हातात घेतली, का तुमचं मशीन थांबतं. बल्ब पन जातो, म्हंजे तुम्ही मेनच बंद करता, मला समई असतेच. रोज. मी ह्यांना सांगते, तुमचे दादा बोलत नसले तरी देवाला थांबतात."

रघूने मान हलवली, म्हणजे हे त्यांच्यात बोलून झालेलं होतं. इकडे मी त्यांना काय काय म्हटलं होतं, ते आठवून माझी मान वर होईना. खिशातली पक्कड एकदम जड लागायला लागली.

"वायर जुनी झालीय," मी म्हणालो. "एक आनखी टाकावी लागंल. दोन पायजेत."

"मी स्टूल धरतो," रघू म्हणाला.

त्याने स्टूल धरलं. मी दुसरी वायर भिंतीवरून ओढून माझ्या बोर्डात आणली आणि बल्बचं जाणं-येणं दोन्ही माझ्याकडे घेतलं. त्याच्या न्यूट्रलचं टोक सोडवलं, टेप गुंडाळली. खाली उतरताना त्याने माझा दंड धरला आणि मी उतरल्यावर जरा उशिरा सोडला. चहा झाला. भिंतीचा विषय कोणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेथ चालू होता. एक पाय जवळजवळ पुरा झाला होता. पलीकडे घंटी वाजू लागली. बटण पडलं नाही. लेथ घरघरत राहिला आणि मी खुश झालो, अगदी मनापासून झालो.

मग पलीकडची घंटी मधेच थांबली.

आरती सुरू झाली नाही. भिंतीपलीकडे नुसती शांतता, आणि माझ्या बाजूला माझ्या मोटरचा आवाज. एवढा मोठा आवाज आहे तिचा, हे मला पहिल्यांदाच कळलं. मी पटाशी मागे घेतली आणि हाताने स्विच बंद केला. लाकूड फिरत फिरत थांबलं.

घंटी पुन्हा सुरू झाली.

"आता काय झालं? पुन्हा गेली?" अंबिकाने आतून विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो, आणि आरती संपेपर्यंत तसाच उभा राहिलो.