पाठमोरी उडी

रविवारी सकाळपासून बाबूरावांनी चारदा चहा मागितला आणि चारदा अर्धाच ठेवला. म्हातारा एका जागी ठरेना.

मुलाने, रत्नपालने, मल्हारगंजातल्या दुकानातून एका जुन्या मारधाडीच्या बोलपटाची कॅसेट आणली होती. त्या सिनेमात तटावरून धावत्या घोड्यावर उडी मारली ती हीरोने नव्हे, बाबूरावांनी. महूच्या पलटणीत त्यांचा बाप घोडे सांभाळायचा, घोड्यांची सवय लहानपणापासूनची, म्हणून मुंबईत हे काम मिळालं. नाव हीरोचं झालं आणि बाबूराव इंदूरला परतून मिलच्या मागावर लागले. तिथे निवृत्त होईपर्यंत त्यांनी ही उडी सगळ्यांना ऐकवली. लोक तोंडावर 'फेकू' म्हणायचे.

आता मिलला टाळं लागलं होतं. तिथेच कामाला असलेला रत्नपाल घरीच होता. पिथमपूरच्या नव्या कारखान्यात बोलावणं आलं, तर पठ्ठ्या दोनदा गेटवरून परत आला. म्हाताऱ्याजवळ उरली होती एक उडी, तीही आज खोटी ठरली तर? या विचाराने त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

मिलमध्ये बाबूरावांच्या शेजारच्या मागावर काम केलेला हरी व्हीसीआर घेऊन आला. सिनेमा सुरू झाला. तटावर पाठमोरा माणूस, खाली घोडा, झेप. लगेच हीरोचा हसरा चेहरा, अगदी जवळून.

"काका, चेहरा तो हीरोचाच है," हरी म्हणाला. "तुम्ही किधर?"

"मला पाठमोरंच घ्यायचे रे. तेच तर काम होतं." बाबूरावांचा आवाज पडला. रत्नपालने मान खाली घातली. त्याला बापाची लाज वाटली.

गिरिजाबाई दारात मेथी निवडत होत्या. नवऱ्याची ही गोष्ट त्यांनी कधी धड ऐकलीच नव्हती. "जरा मागे घे ते," त्या म्हणाल्या.

रत्नपालने कॅसेट मागे घेतली. झेपेआधी त्या माणसाने उजवा तळवा मागे नेऊन सुरवारीला दोनदा पुसला.

"हेच ते," गिरिजाबाई म्हणाल्या. "मिलमधून आले की पँटच्या मागे तेलाचा काळा डाग. जन्मभर मी तोच घासत आले."

"सच है," हरी हळूच म्हणाला. "माग चालू करायच्या आधी काका असंच करायचे. माफ करा, काका."

आता तरी म्हातारा छाती फुगवून बसेल असं सगळ्यांना वाटलं. पण बाबूराव उठून खोलीत फेऱ्या मारू लागले.

"एक गोष्ट कधी सांगितली नाही," ते रत्नपालकडे न बघता म्हणाले. "दोनदा मी तटावरून खाली उतरून आलो होतो. तिसऱ्यांदाही पाय लटपटतच होते. तो हात पुसला ना, तो घामाचा."

"आणि मिलमध्ये?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"मिलमध्ये रोजच."

कोणी हसलं नाही. रत्नपालने कॅसेट काढून डब्यात ठेवली. "आई," तो म्हणाला, "उद्या सकाळी टिफिन करून दे. पिथमपूरला जायचंय."