सहाव्या मजल्याची गळती

साठ वर्षांपूर्वीची ती सरकारी कचेरी म्हणजे नुसतं उघडं काँक्रीट. रंग नाही, नक्षी नाही. सगळ्यात वरचा सहावा मजला वर्षानुवर्षं गळत होता; पावसाळ्यात तिथे जागोजागी बादल्या ठेवाव्या लागायच्या. शेवटी इमारत पाडायचा प्रस्ताव आला आणि तपासणीचं काम इंजिनीअरबाईंच्या गळ्यात पडलं. दहा दिवसांत अहवाल हवा होता.

"फार खोलात शिरू नका," वरिष्ठ म्हणाले. "पाडायचं ठरल्यातच जमा आहे."

बाईंच्या जिवाला ते लागलं. त्यांच्या आईने त्याच मजल्यावर एकतीस वर्षं टायपिस्टची नोकरी केली होती. शाळा सुटली की त्या तिथेच बसून अभ्यास करायच्या. खिडक्यांवरच्या काँक्रीटच्या आडव्या पट्ट्यांमुळे भर उन्हातही खोली गार असायची.

जेवताना त्या आईला म्हणाल्या, "तुझं ऑफिस जाणार बहुतेक. छत सडलंय."

"सडेल कसं? आमच्या वेळी कितीतरी वर्षं थेंब गळत नव्हता."

"मग कधीपासून गळायला लागलं?"

आईने घास हातातच धरला. "ते हौशी साहेब आले ना, त्यांनी गच्चीवर बाग केली. पुढच्याच पावसात माझ्या टाइपरायटरवर धार."

दुसऱ्या दिवशी बाईंनी जुने नकाशे धुंडाळले. गच्चीला पाणी वाहून जायला आठ तोंडं दाखवली होती. वर मोजली तर तीन. चार मजूर लावून त्यांनी बाग खणायला घेतली. गुडघाभर मातीखाली उरलेली पाच सापडली. माती वाहून जाऊ नये म्हणून कुणीतरी ती विटांनी बुजवून टाकली होती.

पण इतकी वर्षं पाणी पिऊन काँक्रीट शाबूत होतं का? नमुने प्रयोगशाळेत गेले. चार दिवस बाईंना अन्न गोड लागेना. नवव्या दिवशी फोन आला: काँक्रीट मजबूत, एका कोपऱ्यातल्या सळ्या तेवढ्या गंजलेल्या, दुरुस्त होतील. बाईंचा जीव भांड्यात पडला.

वरिष्ठांनी अहवाल दोनदा वाचला. "खोलात शिरू नका म्हटलं होतं ना?"

"गुडघाभरच शिरले, साहेब."

ते हसले आणि दुरुस्तीच्या शिफारशीवर सही केली.

झाडं खाली आवारात लावली. दुरुस्ती झाल्यावर पहिला मोठा पाऊस आला, तेव्हा बाई छत्री घेऊन गच्चीवर गेल्या. आठही तोंडांतून पाणी खळाळत उतरत होतं. मग त्या सहाव्या मजल्यावर आल्या. छत कोरडं होतं.

"इथल्या बादल्या कुठे गेल्या?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"फरशी पुसायला नेल्या, बाई. इथे काय काम त्यांचं?"

बाईंनी तिथूनच आईला फोन लावला.