प्लंबरच्या छातीची गळती

टिश्यू पेपर खोटं बोलत नाही.

आईच्या पोटात सुरुवातीला मुलाचा आणि मुलीचा नकाशा एकच असतो.

माळ्यावर एक पाळणा पडून आहे.

पित्ताची गोळी, जेवणाआधी.

वडील छातीतल्या गाठीनं गेले.

*

एका गिऱ्हाइकाच्या सिंकखालून बाहेर येताना प्लंबरला शर्टावर, डाव्या खिशापाशी, ओला डाग दिसला. वडील आठवले. घरी येऊन त्यानं बाथरूमची कडी घातली आणि पाइपाचा सांधा तपासतात तशी छाती तपासली: टिश्यू पेपर लावायचा, दाबायचं, बघायचं.

कोरडा.

म्हणून आणखी जोरात दाबलं. मग रोज. मग प्रत्येक कामाआधी आणि कामानंतर.

महिन्याभरानं पेपर ओला झाला. पांढरट.

*

"अहो, खिशात हे बोळे कसले?"

"गळतंय."

"कुणाकडे?"

त्यानं स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं. बायको हसत सुटली. "आधी सांगायचंत! पाळणा उतरवून ठेवला असता."

"बाबांसारखं असलं तर?"

तिनं हसू गिळलं आणि चपला घातल्या.

*

डॉक्टरीणबाईंनी छाती चाचपली, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर चष्मा वर सरकवला.

"गाठबीठ काही नाही. दूध आहे."

"माझं?"

"मग काय माझं? दुधाच्या ग्रंथी पुरुषालाही असतात, नुसत्या झोपलेल्या. दूध आणणारं संप्रेरक मेंदूच्या बुडाशी तयार होतं, पण एरवी मेंदूच त्याला दाबून ठेवतो. गोळ्या कुठल्या घेता?"

"पित्ताची. औषधवाल्यानं दिलेली. खूप दिवस झाले."

"ती हा दाब सैल करते. आजपासून बंद. आणि दाबून दाबून कोण बघतं?"

प्लंबर छताकडे बघू लागला.

"तासातासाला," बायकोनं चहाडी केली.

"बाळ ओढतं तेव्हा मेंदूला कळतं, मागणी आहे. तुम्ही दिवसभर मागणीच करताय की!"

"मग थांबलं हे कळणार कसं?"

"न बघता."

हे मात्र त्याच्या धंद्यात बसणारं नव्हतं.

*

बायकोनं त्याच्या हत्यारांच्या पिशवीतला टिश्यू पेपरचा रोल काढून घेतला. हात तरी छातीकडे जायचाच. मग तो पान्हा धरायचा. घरात ती नुसती "हात!" म्हणायची, की तो वर करायचा, पकडलेल्या चोरासारखा.

एकदा एका आजीबाईंनी नळ दुरुस्त झाल्यावर विचारलं, "थांबली का रे गळती?"

"थांबली असेल. आता हात लावू नका."

आजीबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू दुसरा प्लंबर शोधायला हवा.

पुढच्या वेळी रक्ताचा रिपोर्ट चोख आला. शर्ट कोरडा होता. तो दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"चला," बायको म्हणाली, "पाळणा राहू दे माळ्यावर."

*

पहिल्या दिवशीचा डाग सिंकखालच्या पाइपातल्या पाण्याचा होता.